मोटरबोटीचं ॲव्हरेज

कोणतंही वाहन माझ्यासमोर आणून उभं करा. नुसता आवाज ऐकून आणि मागचा धूर बघून मी सांगेन, एका लिटरला किती जाणार! चुकलो तर नाव बदला! ही फुशारकी नाही. तेहतीस वर्षं मी बसडेपोच्या डिझेल शाखेत बाबू होतो. कोणत्या ड्रायव्हरने कोणत्या रस्त्यावर किती डिझेल जाळलं ते रोज लिहायचं, आणि ज्याचं ॲव्हरेज कमी त्याला मेमो द्यायचा, एवढंच माझं काम. या कामात माणूस थकतो, पण त्याची नजर तयार होते. मी तर इतका थकलो होतो की निरोपसमारंभात हार घालणाऱ्यांना म्हणालो, "भाषणं लवकर आटपा, मले घरी जाऊन झोपायचं आहे."

तेहतीस वर्षांत माझा एक सिद्धान्त पक्का झाला होता. ॲव्हरेज कमी म्हणजे चोरी. ड्रायव्हर कारणं शंभर सांगतो, पण डिझेल एकाच वाटेने जातं, ती म्हणजे टाकीतून कॅनमध्ये! झिंगू नावाचा एक ड्रायव्हर होता. भद्रावतीहून माजरीकडच्या फेऱ्या करायचा. तिकडे त्याचं ॲव्हरेज कायम घसरलेलं. विचारलं की म्हणायचा, "बाबूजी, कोळशाच्या मालगाडीसाठी फाटक पडते. अर्धा-अर्धा घंटा गाडी उभी. स्टार्टर कमजोर, बंद केली तं पॅसेंजरले धक्का माराले लावा लागते. उभी गाडीबी डिझेल पेते ना!"

मी म्हणायचो, "उभी गाडी पेत नाई झिंगू, उभा ड्रायव्हर पेते!"

सगळी शाखा हसायची. त्याला मी एकूण पाच मेमो दिले.

तर निवृत्त होऊन आम्ही सावरखेड्याला, आमच्या गावी येऊन राहिलो. गावाला लागून मोठा तलाव आहे, मधोमध एक बेट, बेटावर देवीचं ठाणं. आता सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून पाण्याकडे बघणं, असा माझा बेत होता. बायकोचा, म्हणजे रुखमाबाईचा बेत निराळा होता. ती म्हणाली, "अवो, तुमी दिवसभर घरी असले की मीच थकतो. कोणाच्या तरी कामी या."

नेमक्या दुसऱ्याच दिवशी सोनीबाई दारात उभ्या राहिल्या. सोनीबाई म्हणजे आमच्या मासेमार सोसायटीच्या अध्यक्ष. तलावातली मासेमारी आणि शिंगाड्याची शेती ढीवर लोकांची ही सोसायटीच बघते.

"गुणवंतभाऊ, बोट आली," त्या ओसरीवर बसत म्हणाल्या. "बारा सीटची. मागं मशीन लावेल हाय, पंधरा हॉर्सपावरची. पर्यटनवाल्यांनी देली. पन अजून आपली नाई झाली."

"म्हणजे?"

"सोमवारी त्यांच्या हापिसातल्या मॅडम येऊन राह्यल्या. त्यांच्यासमोर घाटापासून बेटापर्यंत नेऊन वापस आनाची. एका फेरीले किती पेट्रोल लागते ते आधी फॉर्मात लिवून द्यायचं. बोट बराबर चालली अन् अंदाज जुळला, तं बोट आपली. नाई तं दुसऱ्या तालुक्याचे लोक ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन बसलेच हायेत न्यायले."

"अन् चालवेल कोण?"

"वारलू."

वारलूला मी लहानपणापासून ओळखतो. त्याचं सगळं आयुष्य या तलावात डोंग्यावर उभं राहून जाळं फेकण्यात गेलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा धरला तो धरलाच. जाळं फेकता येत नाही, शेती नाही. दिवसभर घाटावर बसून दुसऱ्यांची जाळी विणून देतो. बोट राहिली तर वारलूला काम राहणार होतं, हे सोनीबाईंनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

"तुमी डिझेलचे बाबू व्हते," सोनीबाई म्हणाल्या, "अंदाज तुमीच लिवून द्या. सही-शिक्क्यासारखा पक्का पायजे."

त्याच क्षणी मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण रुखमाबाई आतून म्हणाली, "लिवून देतीन! त्यांले दुसरं येते काय?" आणि माझा थकवा कुठल्या कुठे पळाला.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मोबाइलच्या नकाशावर घाट ते बेट अंतर दीड किलोमीटर. जाऊन-येऊन तीन. आता ॲव्हरेज. मोटरसायकल लिटरला पन्नास देते. बोटीचं मशीन तिच्यापेक्षा थोडं मोठं, म्हणून निम्मे धरू, पंचवीस. शिवाय पाण्यात खड्डे नाहीत! चढ नाही! गतिरोधक नाही! म्हणजे तीस सहज मिळणार. तीन किलोमीटरला शंभर मिली. बारा माणसं बसणार म्हणून दुप्पट, बेटाला वळसा आहे म्हणून थोडं आणखी, आणि हात सैल ठेवून मी लिहिलं, 'एका फेरीस अर्धा लिटर.'

बोट जोडून द्यायला आलेला मेकॅनिक अजून घाटावर होता. मी सहज विचारलं, "काय हो, हिचं ॲव्हरेज अर्धा लिटरला तीन किलोमीटर धरलं तर चालेल ना?"

तो म्हणाला, "काका, बोटीला किलोमीटरचं ॲव्हरेज नसते. घंट्याचं असते. घंट्याला किती लिटर पिली ते बघायचं."

मी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. घंट्याला! म्हणजे गाडी कुठे गेली, किती गेली, कोणी विचारायचंच नाही! असा हिशोब चोराशिवाय कोणाला सुचणार? मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता वारलूला विचारणं काही गरजेचं नव्हतं, पण सोनीबाईंनी विचारलं. वारलू जाळं विणता विणता म्हणाला, "काल मी दोन चकरा मारल्या ना. जातानी एक खर्रा लागते, येतानी एक. एक खर्रा थुकतवरी लिटरची पाऊन बाटली पेट्रोल. दोन खऱ्ऱ्यांची दीड बाटली."

खर्रा म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. वारलू ती स्वतः कातरतो, स्वतः घोटतो, आणि तोंडात टाकली की मोजून दहा मिनिटांनी थुंकतो. सोसायटीचं सगळं वेळापत्रक त्यावर चालतं. जाळं किती वेळ पाण्यात ठेवायचं? तीन खर्रे. पण म्हणून सरकारी फॉर्मात खर्रे लिहायचे?

"वारलू," मी म्हणालो, "तीन किलोमीटरले दीड लिटर? म्हणजे लिटरले दोन किलोमीटर? अरे, आमची लाल गाडी साठ माणसं, त्यांचे पोते अन् टपावर बकरी घेऊन लिटरले पाच द्यायची!"

"भाऊ, रस्ता मागं वढत नाई. पानी वढते," वारलू म्हणाला. "शिंगाड्याच्या वेलात तं बोट उभीच रायते. मशीन उभ्या-उभ्याबी पेते."

उभ्या-उभ्या पिते! माझ्या कानात एकदम फाटकाची घंटा वाजली. हेच वाक्य! हाच चेहरा! तेहतीस वर्षांनीही माणूस तोच, फक्त गाडी पाण्यात उतरली!

शनिवारी मी चाचणी ठेवली. स्वतः बोटीत बसलो नाही, कारण मला पोहता येत नाही आणि पाणी मला पाळीवरूनच बरं दिसतं. टाकीत मोजून एक लिटर टाकलं. म्हणजे माझ्या अंदाजाच्या दुप्पट. वारलू एकटाच निघाला. बोट छान गेली, बेटामागे वळली आणि दिसेनाशी झाली. मी घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन. तीन. चार मिनिटं बोट बेटामागे होती! मग बाहेर आली, थोडी पुढे सरकली आणि बंद पडली. वारलूने दुखऱ्या खांद्याने बांबू मारत ती घाटावर आणली.

"संपलं भाऊ," तो धापा टाकत म्हणाला.

पुन्हा पाच लिटर मोजून टाकलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा बेटामागे चार मिनिटं! वापस आल्यावर मोजलं, साडेतीन लिटर उरलं होतं. दीड लिटर गेलं! अर्धा लिटर मशीनने प्यायलं, हे मला मान्य. मग एक लिटर कुठे गेलं? डेपोत असताना गाडी ढाब्यामागे चार मिनिटं थांबली की डिझेल कमी व्हायचं. इथे ढाबा नव्हता, बेट होतं.

घाटावर तेव्हा जाळी सुकवणारे आठ-दहा लोक होते. सोनीबाई होत्या. धुणं घेऊन आलेली रुखमाबाई होती. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वारलू, बेटामागं कॅन कुठी लपवली ते सांगून दे. मी कोणाले सांगनार नाई."

वारलूने तोंडातला खर्रा थुंकला, पाण्याने चूळ भरली आणि माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा रागीट नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"भाऊ, या तलावातला दुसऱ्याच्या जाळ्यातला मासा मी कधी काढला नाई," तो म्हणाला. "पेट्रोल काढीन?"

"अवो, काय बोलून राह्यले तुमी?" रुखमाबाईने डोक्यावरची बादली खाली ठेवली.

"तू मधात बोलू नको. हा खात्याचा विषय आहे!" मी म्हणालो. खातं केव्हाच सुटलं होतं, हे त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हतं.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. तिच्यात निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणलेली माझी सील मारायची पक्कड होती, तारेचं भेंडोळं होतं आणि शिशाच्या गोळ्या होत्या. ज्याच्यावर संशय, त्याच्या टाकीच्या झाकणाला मी तार गुंडाळून शिशाचं सील ठोकायचो. मी मारलेलं सील कोणाच्या बापाला हाताने तुटलं नाही!

सोमवारी सकाळी, मॅडम यायच्या आधी, मी टाकीत मोजून सहा लिटर टाकलं. बोटीची टाकी सुटी असते, लाल रंगाच्या मोठ्या डब्यासारखी, बाकाखाली ठेवलेली. तिच्यातून एक रबरी नळी मशीनला जाते. झाकण लावलं. झाकणाच्या वर आणखी एक बारीक चकती होती, बोटाने फिरणारी, आणि ती चक्क सैल होती! म्हणजे इथूनच नळी घालत असणार! मी ती पूर्ण आवळली, तिच्या खाचेतून तार ओढली, झाकणाला तीन वेढे दिले आणि पक्कड दाबली. कट्ट! तेहतीस वर्षांचा आवाज. बरं वाटलं.

वारलू शेजारीच उभा होता. "भाऊ, ते वरची चकती..."

"तू बोलूच नको!"

"पन भाऊ, थे आवळली तं..."

"वारलू, मॅडम जातवरी तोंड उघडायचं नाई. अन् सीलले हात लावशीन तं सरळ पोलिसात! मी म्हणतो तेवढंच कर."

वारलूने मान हलवली. मग खिशातून पुडी काढली, एक खर्रा तोंडात टाकला आणि तोंड बंद केलं.

मॅडम आल्या. पूनम त्यांचं नाव. तरुण बाई, पण सकाळपासून दोन तलाव बघून आल्यामुळे चेहऱ्यावर माझ्यासारखाच थकवा. त्यांनी फॉर्म वाचला. "अंदाज अर्धा लिटर. गुणवंतराव कोण?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

"छान. सही करणाऱ्यानेही बोटीत बसायचं असतं."

हे फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. मागची बाजू मी वाचली नव्हती. नारिंगी जॅकेट माझ्या पोटावर बसेना, तेव्हा सोनीबाईंनी एका बाजूने आणि रुखमाबाईने दुसऱ्या बाजूने ओढून ते लावलं. सोनीबाई चढल्या, आणि देवीच्या दर्शनाला म्हणून रुखमाबाईही नारळ घेऊन चढली. वारलूने नवा खर्रा तोंडात टाकून दोरी ओढली, मशीन गुरगुरलं, आम्ही निघालो.

पाच मिनिटं सगळं झकास होतं. हवा गार, पाण्यावर पाणकोंबड्या, मॅडमही थोड्या सैल होऊन फोटो काढू लागल्या. मी बाकाच्या दोन्ही कडा घट्ट धरून त्यांना ॲव्हरेजचं शास्त्र समजावत होतो. तेवढ्यात मशीनचा आवाज बारीक झाला. मग खोकला आला. मग फुर्र, फुर्र आणि गप्प.

तलावाच्या मधोमध!

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

मी वारलूकडे पाहिलं. वारलू माझ्याकडे पाहत शांतपणे खर्रा चघळत होता.

"पेट्रोल संपलं!" मी ओरडलो. "मॅडम, सकाळी सहा लिटर टाकलं व्हतं, माह्या हातानं! पाच मिनिटांत संपलं! ही चोरी आहे!"

"पण झाकणाला सील दिसतंय," मॅडम वाकून म्हणाल्या. "ते तर शाबूत आहे."

"मग खालून भोक पाडलं असेल!"

रुखमाबाईने खाली वाकून टाकी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. आतून डुबुक-डुबुक आवाज आला. "अवो, हे तं भरून आहे. घागरीएवढी जड लागून राह्यली."

एखाद्या शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "पाणी! मॅडम, यानं पेट्रोल काढून पाणी भरलं! तरी म्हणतो मशीन काऊन बंद पडली!"

"सीलबंद टाकीत पाणी कसं भरलं?" मॅडमनी विचारलं.

"तेच तं याचं कसब आहे!"

सोनीबाईंनी कपाळावर हात मारला. तोवर बोट वाऱ्याने सरकत सरकत शिंगाड्याच्या वेलात शिरली होती. डोक्यावर ऊन चढत होतं. दूर पाळीवर सगळं गाव जमलेलं दिसत होतं, आणि त्यांच्या मागे, रिकामी ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर! दुसऱ्या तालुक्याचे लोक खरंच येऊन बसले होते.

"टाकी उघडा, बघू," मॅडम म्हणाल्या.

मी खिशात हात घातला. पक्कड घाटाच्या पायरीवरच राहिली होती.

मग सुरू झाला प्रकार! मी सील हाताने ओढलं. बोट कापलं. दाताने ओढलं. दाढ हलली. रुखमाबाईने बांगडीतली पिन दिली, ती वाकली. मॅडमनी गाडीची किल्ली दिली, ती पाण्यात पडता पडता वाचली. सोनीबाईंनी नारळ घेऊन शिशाच्या गोळीवर हाणला. नारळ फुटला! पाणी मॅडमच्या फॉर्मवर, आणि सील जसंच्या तसं! एरवी मला केवढा अभिमान वाटला असता.

"भाऊ, तुमचं सील लय पक्कं हाय," सोनीबाई दमून म्हणाल्या. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि ओला फॉर्म पिशवीत घालायला घेतला. ते पाहून सोनीबाईंचा आवाज चढला. "वारलू! हातची बोट चालली आपली! तू बोलत काऊन नाई?"

वारलूने माझ्याकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या तोंडाकडे.

"यांनीच सांगतलं बोलू नको म्हनून," रुखमाबाई म्हणाली. "मी ऐकलं ना घाटावर."

"मी सोसायटीचा अध्यक्ष हावो!" सोनीबाई म्हणाल्या. "मी सांगून राह्यलो, बोल!"

वारलू बाजूला वळून थुंकला. खर्रा संपला होता, म्हणजे निघून दहा मिनिटं झाली होती. मग म्हणाला, "मॅडम, झाकनावरची थे चकती हाय ना, तिच्यातून टाकीत हवा जाते. हवा आत गेल्याबिगर पेट्रोल बाहेर कसं येईन? निंगाच्या आधी थे सैल कराची असते. भाऊंनी आवळून वरून सील मारलं. पाच मिनिटं चालली हेच खूप झालं."

मॅडम सीलकडे बघून वारलूकडे वळल्या.

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?" मॅडमनी विचारलं.

"दोनदा सांगाले गेलो. भाऊ म्हनले, पोलिसात देतो."

त्याने खिशातून अडकित्ता काढला. सुपारी कातरायचा, साधा. तो सारा वेळ त्याच्या खिशात होता! पण त्याने तो लगेच चालवला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, सीलले हात लावू काय?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? कट्ट! तार तुटली. वारलूने चकती फिरवली आणि टाकीने 'फुस्स' करून एवढा मोठा श्वास घेतला, जणू माझ्याच शाखेत तेहतीस वर्षं कोंडून ठेवली होती. त्याने नळीवरचा रबरी गोळा चार वेळा दाबला, बांबूने वेल बाजूला सारले, दोरी ओढली. मशीन सुरू! वारलूने नवीन खर्रा तोंडात टाकला.

देवीच्या ठाण्याला रुखमाबाईने फुटका नारळ वाहिला. मी मात्र देवीकडे बघू शकलो नाही. आता तुम्हाला खरं सांगतो, मला लाज वाटत होती. चांगली पोटातून. येताना बोट बेटामागून आली तेव्हा मी डोळे उघडे ठेवून बसलो होतो. तिथे कॅन नव्हती, ढाबा नव्हता. तिथे शिंगाड्याचा दाट मळा होता, आणि त्यातून बोट चार मिनिटं मुंगीच्या पावलाने चालत होती. मशीन उभ्या-उभ्या पीत होतं.

घाटावर मॅडमनी मापाने पेट्रोल मोजलं. साडेचार लिटर उरलं होतं. गेलं दीड लिटर. वारलूचे दोन खर्रे, दीड बाटली! थेंबाचा फरक नाही! मॅडमनी घड्याळावर हिशोब केला. "बंद पडलेला वेळ सोडून वीस मिनिटं मशीन चाललं. म्हणजे तासाला साडेचार लिटर. अंदाज कुणाचा बरोबर आला?"

"वारलूचा," सोनीबाई म्हणाल्या.

मॅडमनी ओल्या फॉर्मवर माझी सही खोडली आणि शेजारी वारलूची सही घेतली. बोट राहिली! ट्रॅक्टरवाले चहासुद्धा न घेता निघून गेले. जाताना मॅडमनी घाटावर लावायच्या फलकासाठी नियम लिहून दिले. जॅकेट घाला, उभे राहू नका, असे सहा नेहमीचे. सातवा त्यांनी स्वतःच्या मनाने घातला, 'टाकीच्या झाकणाला सील मारू नये.' आज तुम्ही सावरखेड्याला आलात तर तो फलक दिसेल. पर्यटक सातवा नियम वाचून एकमेकांकडे बघतात. गावचे लोक माझ्याकडे बघतात.

त्या दिवशी मी वारलूला म्हणालो, "चाल घरी, चहा घे. मले काही बोलायचं आहे."

"घरी नाई भाऊ," वारलू म्हणाला. "चोर घाटावर म्हनलं ना? मग बाकीचंबी घाटावरच."

म्हणून घाटावरच, जाळी सुकवणाऱ्या त्या आठ-दहा लोकांसमोर मी हात जोडले. "वारलू, चुकलं माझं. तू खरा, मी खोटा." वारलूने थोडा वेळ माझे हात तसेच राहू दिले. मग म्हणाला, "बसा भाऊ. खर्रा घोटू काय?" मी तंबाखू खात नाही, पण त्या दिवशी चिमूटभर घेतली आणि पुढचा अर्धा तास उचक्या दिल्या.

तरीही मनाला चैन पडेना. उभ्या-उभ्या पिते! संध्याकाळी मी रुखमाबाईला म्हणालो, "त्या झिंगूले मी पाच मेमो दिले. बिचारा खरं सांगत व्हता. फाटकावर उभी गाडी पेत होती ना!"

"मग फोन करा त्याले," ती म्हणाली. "एका दिवसात दोन माफ्या होऊन जाऊ द्या."

जुन्या डायरीतून नंबर काढला. झिंगूही आता निवृत्त होऊन शेती बघतो. त्याने आवाज लगेच ओळखला. मी कसाबसा म्हणालो, "झिंगू, माजरीच्या फेऱ्यांसाठी मी तुले पाच मेमो दिले. तू चोर नव्हता. मले माफ कर."

पलीकडे झिंगू उठून बाजूला गेल्याचं ऐकू आलं.

"बाबूजी," झिंगू हळूच म्हणाला, "माजरीच्या लाइनीवर मी खरंच थेंब नाई काढला. कुठून काढीन? फाटकच सारं पेत व्हतं."

"मी तेच म्हणतो ना!"

"पन बाबूजी, त्याच्या आधी तीन वर्सं मी चंद्रपूरच्या सरळ रोडवर व्हतो ना? ना फाटक, ना चढ. तवा मातर मी रोज दोन लिटर काढत व्हतो. तरी ॲव्हरेज चांगलं यायचं. आता तुमी एवढी माफी मागून राह्यले, तं मीबी सांगून टाकतो."

मी फोन ठेवला. रुखमाबाईने विचारलं, "काय म्हनला?"

मी जुनी डायरी मिटून ट्रंकेत टाकली. त्या तिन्ही वर्षी डेपोत उत्तम ॲव्हरेजचं प्रशस्तिपत्र झिंगूलाच मिळालं होतं. शिफारस माझी होती, आणि तिन्हींवर सही-शिक्का माझाच!